वेताळ टेकडीवरची आकाशवाणी

मित्रांनो, पुण्याच्या वेताळ टेकडीवर तुम्ही कधी गेला आहात का? पुण्याचे असाल तर लगेच म्हणाल, "हॅ, त्यात काय! दर रविवारी जातो." पुण्याचे नसाल तर सांगतो. ही पुणे शहरातली सर्वांत उंच टेकडी. समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. वर वेताळबाबाचं छोटं देऊळ आहे, दगडाची जुनी खाण आहे, आणि नशीब चांगलं असेल तर मोर दिसतात. निदान त्यांचं ओरडणं तरी ऐकू येतंच.

पण आज मी तुम्हाला तिथे मोर ऐकायला नेत नाहीये. आज आपण ऐकायचा आहे एक उपग्रह!

काय, विश्वास नाही बसत? माझाही बसला नव्हता. पण माझी भाची सातवीत आहे आणि तिने शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी नाव देऊन टाकलं होतं. विषय : 'मी ऐकलेला उपग्रह'. ऐकायच्या आधीच! मग काय, नोव्हेंबरातल्या एका रविवारी पहाटे साडेपाचला आमची वरात निघाली. मी, भाची, तिचा धाकटा भाऊ आणि आमच्या सोसायटीतले रेडिओकाका. काकांकडे हौशी रेडिओचा, म्हणजे 'हॅम'चा, सरकारी परवाना आहे. त्यांच्या एका हातात रेडिओचा सेट आणि दुसऱ्या हातात एक विचित्र वस्तू. पीव्हीसीचा पाइप आणि त्याला आडव्या लावलेल्या पिवळ्या पट्ट्या. नीट पाहिलं तर सुताराकडे असते ना, ती स्टीलची मोजटेप! तिचेच तुकडे कापून काकांनी अँटेना बनवला होता.

"झाडाझुडपांत अडकला तरी मोडत नाही. वाकतो आणि परत सरळ होतो," काका म्हणाले.

अंधारातच चढलो. वाटेत काकांनी सेटवरून आपल्या एका मित्राला 'गुड मॉर्निंग' केलं, दोघांच्या थंडीवर गप्पा झाल्या. वर पोचलो तेव्हा पूर्वेला नुकतं फटफटत होतं. खाली सगळं पुणे धुक्याची गोधडी पांघरून झोपलेलं.

आता, आम्ही कोणाची वाट पाहत होतो ते सांगतो. त्याचं नाव ऑस्कर-७. जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांनी मिळून बनवलेला हा उपग्रह १५ नोव्हेंबर १९७४ रोजी अमेरिकेतून आकाशात गेला. वजन जेमतेम २९ किलो, म्हणजे चौथी-पाचवीतल्या मुलाएवढं. तो जमिनीपासून सुमारे १,४५० किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि ११५ मिनिटांत पृथ्वीची एक फेरी पूर्ण करतो. फिरता फिरता तो आपली खुशाली कळवतो. बॅटरी कशी आहे, आत तापमान किती आहे, सूर्याच्या पट्ट्यांतून वीज किती येते, हे सगळं आकड्यांत! दूरवरच्या यंत्राने आपली मोजमापं अशी रेडिओवरून कळवणं, याला म्हणतात टेलिमेट्री. मराठीत दूरमापन.

ही युक्ती किती सोपी असू शकते, बघा. या घराण्यातला पहिला उपग्रह ऑस्कर-१ हा १२ डिसेंबर १९६१ ला गेला. तो मोर्सच्या कडकट्टात एकच शब्द बोलायचा, 'हाय'. चार टिंबं आणि दोन टिंबं. पण तो शब्द किती भरभर म्हणतो, यावरून त्याच्या पोटातलं तापमान कळायचं. झालं की नाही काम? हातात घड्याळ असलं म्हणजे पुरे.

ऑस्कर-७ जरा जास्त शिकलेला. तो 'हाय हाय' म्हणतो आणि मग तीन-तीन अंकांचे आकडे सांगतो. चार आकड्यांची एक ओळ, अशा सहा ओळी. प्रत्येक आकड्याचा पहिला अंक ओळीचा नंबर आणि पुढचे दोन म्हणजे खरं माप.

मोबाइलवरच्या वेळापत्रकानुसार स्वारी सकाळी ६.४२ ला उत्तरेकडून उगवणार होती. भाची पट्टीने आखलेली वही उघडून तयार. काकांनी अँटेना औंध-खडकीच्या दिशेला धरला.

६.४२. सेटमधून नुसती खरखर.

६.५०. खरखर.

काकांनी अँटेना हळूहळू शहरावरून पुढे फिरवला, वर केला, तिरका केला. एकदा मोर ओरडला तर धाकटा म्हणाला, "आला, आला!" सात वाजून गेले. उपग्रह दक्षिणेला मावळला. आम्ही ऐकली ती फक्त खरखर.

भाचीचा चेहरा एवढासा झाला. तेव्हा माझं लक्ष तिच्या वहीकडे गेलं. पहिल्या ओळीत सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, '६.४२ : सिग्नल ऐकू आला'. वेळ वाचावा म्हणून पोरीने आदल्या रात्री घरीच लिहून आणलं होतं!

"मग राहू दे की तसंच," धाकटा म्हणाला. "टेकडीवर कोण बघायला आलंय? प्रदर्शन तर परवा आहे."

भाची काहीच बोलली नाही. खोडरबर हातात होतं, पण ते वापरावं की नाही हे तिचं ठरत नव्हतं. खरं सांगू? मलाही क्षणभर वाटलं, राहू दे. एवढी पहाटे उठून आली बिचारी.

काकांनी थर्मासमधला चहा ओतला आणि म्हणाले, "ती वही जरा बाजूला ठेव. आधी एक गोष्ट ऐक."

काकांनी सांगितलेली गोष्ट अशी. इंग्लंडमध्ये केटरिंग नावाचं एक गाव आहे. तिथल्या शाळेत जेफ्री पेरी नावाचे भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. १९५७ मध्ये रशियाचा, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाचा, स्पुटनिक आकाशात गेला. त्याचं 'बीप बीप' साध्या शॉर्टवेव्ह सेटवर ऐकू यायचं. रसायनशास्त्राचे शिक्षक डेरेक स्लेटर रेडिओचे शौकीन. दोघांनी मिळून मुलांना 'डॉपलर परिणाम' शिकवायला त्या आवाजाचा उपयोग केला. तो परिणाम तुम्हालाही ठाऊक आहे. स्टेशनवर न थांबता जाणारी गाडी जवळ येताना भोंगा चढा लागतो आणि पुढे गेली की एकदम उतरतो ना? तेच हे.

पुढे शाळेत तो नादच लागला. सोव्हिएत उपग्रह ऐकायचे आणि कोणता किती वाजता ऐकू आला ते वहीत लिहायचं. मोठी यंत्रं नाहीत की रडार नाही. सेट, घड्याळ, वही आणि मुलं.

मार्च १९६६ मध्ये कॉसमॉस-११२ नावाचा उपग्रह सुटला. मुलांनी वेळा टिपल्या. पण गणित करायला बसले, तर त्या जुळेनात! तोवर असले उपग्रह बायकोनूरच्या तळावरून सुटायचे. हा तिथून सुटला असेल, तर त्याचा मार्ग असा असायलाच नको होता. एप्रिलमध्ये कॉसमॉस-११४ गेला. त्याचंही तेच. ऑक्टोबरमध्ये कॉसमॉस-१२९ गेला, तो वेगळ्या कलाच्या कक्षेत. मग त्यांनी नकाशावर या उपग्रहांचे मार्ग मागे मागे नेले. ते एकमेकांना छेदत होते उत्तर रशियातल्या प्लेसेत्स्क गावाजवळ. तिथे एक गुप्त तळ होता! पेरी सरांनी १९६६ च्या नोव्हेंबरात हे जाहीर केलं. आणि सोव्हिएत सरकारने तो तळ असल्याचं उघडपणे कबूल केलं ते १९८३ साली.

"आता मला सांग," काका भाचीला म्हणाले, "त्यातल्या एखाद्या मुलाने 'आपलंच घड्याळ चुकलं असेल' म्हणून जुळणारी वेळ लिहून टाकली असती, तर?"

भाचीने खोडरबर दप्तरात टाकलं. पेन काढलं, ती ओळ एका रेघेने सरळ खोडली, आणि खाली लिहिलं, '६.४२ ते ७.०२ : काही ऐकू आले नाही.' मग म्हणाली, "काका, न ऐकू येण्याचं कारण नंतर शोधायचं असेल तर सगळंच लिहायला हवं ना? अँटेना, जागा, सेटवर काय काय लावलं होतं ते?"

"अर्थात!"

ती सेटच्या पडद्यावरचं एकेक अक्षर वहीत उतरवू लागली. "१४५.९७ मेगाहर्ट्झच्या आसपास... आणि हे काय? एफएम. एफएमच लिहू ना?"

काकांचा चहा हातातच राहिला. "एफएम?"

झालं होतं असं, की वाटेत मित्राशी गप्पा मारताना काकांनी सेट एफएमवर ठेवला होता आणि तो तसाच राहिला! ऑस्कर-७ बोलतो मोर्समध्ये. एफएमवर त्याची शिट्टी ऐकूच येत नाही. फार तर खरखर थोडी कमी होते. काकांनी कपाळावर हात मारला. "चाळीस वर्षं सेट वापरतोय, आणि चूक पकडली कोणी? सातवीतल्या पोरीच्या वहीने!"

पुढची फेरी ८.३५ ला होती. तोवर आम्ही दडपे पोहे खाल्ले. उन्हं वर आली, धुकं विरलं. काकांनी खाली शिवाजीनगरकडे बोट दाखवलं. तिथल्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा उपग्रह बनवला होता. वजन एक किलोलाही किंचित कमी! २२ जून २०१६ ला श्रीहरिकोट्याहून इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ ने तो आकाशात नेला. आपल्या डोळ्यांसमोरच्या या गर्दीतून निघून एक डबा थेट अंतराळात गेला, या विचाराने धाकट्याने चमचा खाली ठेवला.

८.३५. अँटेना उत्तरेला. सेट या वेळी बरोबर.

खरखर... खरखर... आणि मग त्या खरखरीच्या मागून, विहिरीच्या तळातून यावी तशी एक बारीक शिट्टी. टि-टि-टि-टि, टि-टि. हाय! पुन्हा, टि-टि-टि-टि, टि-टि. हाय!

कोणी ओरडलं नाही. श्वास घ्यायलाही भीती वाटत होती. सूर हळूहळू उतरत होता. हाच तो डॉपलर! काका एका हाताने बटण फिरवून त्याला पकडून ठेवत होते. भाची लिहीत होती. तिचं मोर्स अजून कच्चं. कुठे एखादा अंक मिळे, कुठे निसटे. निसटला तिथे ती रेघ मारे. सिंहगडाच्या बाजूला शिट्टी विरून गेली तेव्हा वहीत पाच आकडे होते आणि एकोणीस रेघा.

उतरताना काकांनी शेवटची गंमत सांगितली. १९८१ मध्ये ऑस्कर-७ ची बॅटरी आतल्या आत शॉर्ट झाली आणि तो गप्प झाला. सगळ्यांनी त्याला मेलेला समजून सोडून दिलं. एकवीस वर्षं गेली. २१ जून २००२ ला पॅट गोवेन नावाच्या इंग्रज हौशी रेडिओवाल्याला या पट्ट्यात ओळखीचं मोर्स ऐकू आलं. शॉर्ट झालेल्या बॅटरीचं सर्किट इतक्या वर्षांनी आपोआप तुटलं होतं, त्यामुळे सूर्याची वीज आता थेट यंत्राला मिळत होती. तेव्हापासून ऊन असलं की तो बोलतो, पृथ्वीच्या सावलीत गेला की झोपतो.

प्रदर्शनात भाचीने वहीची दोन्ही पानं लावली. खोडलेली ओळसुद्धा. सर्वांत जास्त प्रश्न आले ते त्या खोडलेल्या ओळीवर!

मित्रांनो, तुम्हालाही हा नाद लावून घ्यायचा असेल तर तुमच्या गावातला हॅम शोधा. ही मंडळी हौसेने शिकवतात. आपला परवाना हवा असेल तर वयाची बारा वर्षं पूर्ण झाल्यावर सरकारी परीक्षाही देता येते. पण एक वही आणि बरोबर लावलेलं घड्याळ आजच घ्या. तुमची पहिली ओळ 'काही ऐकू आले नाही' अशी असली तर हिरमुसू नका. तीही पेनानेच लिहा.