टोक नसलेली टाचणी

दसरा झाला की केज तालुक्यातल्या आमच्या वस्तीत एकेका दाराला कुलूप लागत जाते. मुकादमाची उचल घेतलेली माणसे भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरे सगळे ट्रॅक्टरवर घालून ऊसतोडीला निघतात. आम्ही दोघी जावाही नऊ हंगाम गेलो. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई मागे राहिली की पुरुष अर्धा कोयता ठरतो आणि उचलही त्याच मानाने मिळते. २०२१ साली थोरलीची मुलगी नववीत गेली. दरवर्षी पाच-सहा महिने शाळा बुडवून ती इथवर कशी आली, याचेच आम्हाला नवल. त्या वर्षी दोघींनी घरात सांगून टाकले, यंदा आम्ही येत नाही. पुरुष अर्धा कोयता म्हणून गेले. उरलेला अर्धा घरी बसून भरून काढायचा होता, आणि हाताशी होते ते मण्यांचे काम. बचत गटाच्या प्रशिक्षणात आठ दिवस शिकलो होतो, तेवढेच भांडवल.

मणी ओवणे बायांना शिकवावे लागत नाही. पोत असो की काळे मणी, सगळे दोऱ्यात. पूर्वी पटवेकरी गाठवून देत असे. पण कानात लोंबणारे मणी, हाराला खालून झुलणारे मणी हे दोऱ्याने नीट बसत नाही. त्याला हेड पिन लागते. दुकानात हेच नाव चालते. ही म्हणजे टोक नसलेली टाचणी. एका बाजूला चपटे डोके आणि पुढे सरळ तार. तारेत मणी घालायचा, तो डोक्यावर अडकतो. वर उरलेल्या तारेची कडी वळवायची आणि ती कडी हाराला किंवा कानातल्या हुकाला अडकवायची. काम एवढेच, पण सगळा दागिना त्या कडीच्या भरवशावर लटकतो.

पहिले पंधरा दिवस आमच्या कड्या वेड्यावाकड्या झाल्या. कोणी अंड्यासारखी, कोणी नाकाएवढी. मग हात बसला. मण्याच्या तोंडाशी तार काटकोनात वाकवायची, सुमारे एक सेंटिमीटर ठेवून बाकीची कापायची, आणि गोल तोंडाच्या पक्कडीने शेंड्यापासून गोल करत मागे आणायची. दर वेळी पक्कडीच्या एकाच जाडीवर तार धरली की सगळ्या कड्या सारख्या येतात. आम्ही पक्कडीवर नेलपॉलिशची रेघ मारून ठेवली. कडी पुन्हा उघडायची झाली तर बाजूला सरकवून उघडायची, ओढून फाकवायची नाही. दोन-चारदा पुढे-मागे केलेली तार तुटतेच. वजनदार मणी असेल तर लांब पिन घेऊन उरलेली तार मण्याच्या मानेला दोन-तीन वेढे द्यायचे. अशी कडी निसटत नाही.

जाडीचेही एक गणित आहे. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, हे आम्हाला उशिरा कळले. मोठा आकडा म्हणजे जाड तार असे समजून पहिल्या खेपेला आम्ही केसासारख्या पिना घेऊन आलो. आता मिलिमीटरमध्येच मागतो. बारीक मण्याला अर्धा मिलिमीटर, काचेच्या नेहमीच्या मण्याला सहा ते सात दशांश, जड मण्याला आठ दशांश. दुकानात जाताना आपला मणी बरोबर न्यावा आणि पिन घालून पाहावी. मण्याचे भोक मोठे आणि पिनेचे डोके लहान असले तर मणी सरळ खाली उतरतो. त्या वेळी आधी राईएवढा मणी घालायचा, मग मोठा.

हे सगळे शिकलो, आणि धातूकडे मात्र पाहिलेच नाही.

२०२२ च्या १४ एप्रिलला जयंतीसाठी आम्ही निळ्या-पांढऱ्या काचेच्या मण्यांचे साठ हार केले. एका हाराला खाली २१ मणी, म्हणजे बाराशे साठ पिना. शहरातल्या एका दुकानात सोनेरी पिना निम्म्या भावात मिळाल्या. पिवळ्याधमक होत्या. आम्हाला आनंद झाला, चार पैसे वाचले. जयंतीआधी चाळीस हार गेले. आमच्याच बाया, कोणी पन्नास दिले, कोणी आठवड्याने देते म्हणाली.

मिरवणुकीत ऊन कसले होते, ते बीडकरांना सांगायला नको. घामाने अंग निथळत होते. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीतली एक बाई घडी केलेली पांढरी साडी घेऊन आमच्या दारात आली. बोलली काही नाही. घडी उलगडून पदर दाखवला. गळ्याच्या खाली तांबड्या ठिपक्यांची अर्धगोल रांग, मोजून एकवीस.

त्या आठवड्यात एकूण अकरा जणी आल्या. दोघींच्या गळ्याला पुरळही उठले होते.

झाले होते ते असे. पिना लोखंडाच्या होत्या, वरून पितळी रंगाचा मुलामा. आम्ही प्रत्येक पिन कापली, तेव्हा कापलेल्या शेंड्याला लोखंड उघडे पडले. वळवताना पक्कडीच्या ओरखड्याने आणखी. घाम खारट, तो तिथे लागला आणि गंज धरला. पुरळाचे कारण बहुधा निकेल. मुलामा नीट बसावा म्हणून खाली निकेलचा थर देण्याची पद्धत आहे, आणि निकेल पुष्कळांच्या कातडीला सोसत नाही, घामात तर जास्तच. युरोपात कान टोचून घालायच्या दागिन्यांतल्या निकेलवर १९९४ सालीच बंधने आणली. आपल्याकडे बाजारातल्या पुडीवर धातूचे नावही नसते.

साड्या आम्ही दोघींनी धुतल्या. लिंबाचा रस आणि मीठ चोळून उन्हात ठेवायचे, वाळले की पुन्हा. ब्लीचिंग पावडर चुकूनही लावू नये. गंजाचा डाग त्याने अधिकच पक्का होतो. हे एका साडीवर करून बसलो, म्हणून सांगतो. नऊ साड्या निघाल्या, दोन निघाल्या नाहीत, त्या भरून दिल्या. अकरा जणींचे पैसे परत केले. उरलेले वीस हार सुटे करून मणी काढून घेतले. अर्धा कोयता भरून काढायचा होता, तो आणखी रिता झाला. पुरुष नुकतेच कारखान्यावरून परतले होते. ते काही बोलले नाहीत, पण येत्या दसऱ्याचा विषय घरात घोळू लागला.

बोलल्या त्या सासूबाई. “तुमच्या आजेसासूनं कथील कामून टाकलं, ठाऊक हाय ना?”

ठाऊक होते. आजेसासूबाईंच्या हातात कोपरापर्यंत कथलाच्या गोठ-पाटल्या होत्या आणि एके दिवशी त्यांनी त्या काढल्या, हे घरात अनेकदा ऐकले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायांना हेच सांगितले होते की गळाभर गळसऱ्या आणि हातभर कथील ही तुमची ओळखण्याची खूण झाली आहे, ती टाका. घालायचेच तर सोन्याचे घाला, नाहीतर घालू नका.

आम्ही म्हणालो, “आत्याबाई, सोनं कोण घेणार? आणि बायांना हौस असते.”

“हौसेला मी नाय म्हणंना. पण पिवळं दिसतंय म्हणून लोखंड गळ्यात घालायलात बायांच्या. जे हाय त्याचं नाव सांगून इका.”

यावर आम्ही दोघी पुष्कळ दिवस बोललो. महाडच्या शब्दाला धरून हा धंदाच करू नये, असे धाकटीला वाटत होते. थोरलीचे म्हणणे, तेव्हा ते दागिने कोण घालतो यावरून माणूस ओळखत; आज हे निळे मणी बँकेतली बाईही घालते. आमचे एकमत अजून झालेले नाही. पण दसऱ्याला कोयता धरायचा नव्हता, यावर होते.

म्हणून पुन्हा सुरुवात केली. पुण्याच्या रविवार पेठेत मण्यांचे आणि दागिन्यांच्या सामानाचे मोठे मार्केट आहे, तिथे गेलो. पर्समध्ये जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक होते. पिन चिकटली की लोखंड. पण न चिकटली म्हणून पितळच असे नाही, तेव्हा एक पिन विकत घेऊन कानशीने घासायची. आत पिवळे निघाले तर पितळ, तांबडे तर तांबे. तांबे मऊ, जड मण्याने कडी उघडते. ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणून पांढऱ्या पिना दाखवतात. आपल्याकडे अॅल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात, त्यातले हे नव्हे, आणि त्यात चांदीही नसते. तांबे, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू. ज्याच्या कातडीला निकेल चालत नाही त्याने त्यापासून दूर राहावे. आम्ही मुलामा नसलेले साधे पितळ घेतले, जवळपास दुप्पट भावाने. पितळ घामाने काळवंडते, कधी कातडीवर हिरवट उमटते, ते साबणाने निघते. कानातला हुक मात्र सर्जिकल स्टीलचा, कारण तो छिद्रात बसतो.

हाराच्या कार्डावर आता लिहितो: ‘मणी काचेचे. पिना पितळेच्या. पाण्यात व घामात काळ्या पडतील. चिंचेने घासाव्यात.’ एक दुकानदार म्हणाला, असे लिहून कोण धंदा करतो? पहिल्या वर्षी खरेच कमी खप झाला. पण साडी घेऊन आलेल्या त्या बाईने दुसऱ्या जयंतीला दोन हार नेले, आणि रोख पैसे दिले.

मुलीच्या शाळेची सहल गेली तेव्हा आम्हीही कळंबमार्गे तेरला गेलो होतो. तिथला त्रिविक्रमाच्या देवळाचा जुना विटांचा भाग मूळचा बौद्ध चैत्य, असे अभ्यासक मानतात. लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातले मणी मांडले आहेत. काचेपाशी आम्ही दोघी इतका वेळ उभ्या राहिलो की बाई हाका मारू लागल्या. दगडी मण्याला दोन हजार वर्षांपूर्वी इतके सरळ भोक कशाने पाडले असेल, हेच पाहत होतो. मणी जसेच्या तसे. ज्यात ओवले होते ते काही उरलेले नाही.

मुलगी २०२३ मध्ये दहावी झाली. त्यानंतर आम्ही एकही हंगाम कोयत्याला गेलो नाही.

पुडी आली की आधी सासूबाईंपुढे जाते. त्या परातीत पिना पसरतात आणि दोऱ्याला बांधलेले चुंबक त्यावरून फिरवतात. चांगल्या दुकानाच्या पुडीतही पाच-सात चिकटतात. त्या त्यांनी एका डबीत साठवल्या आहेत. परवा नातीने चार्ट भिंतीला टाचायला त्यातल्या चार मागितल्या.

“घे,” म्हणाल्या, “पर टोचायच्या न्हाईत. टोकच न्हाई त्येला.”