विधुर वडिलांचे दुसरे स्थळ

बोईसरसारख्या कारखान्यांच्या गावात विधुर वडिलांच्या दुसऱ्या लग्नाचा विषय ते स्वतः क्वचितच काढतात. काढते बहीण, मेहुणी किंवा हाताशी आलेली मुलगी. तारापूर एमआयडीसीत पाळीवर असलेल्या माणसाच्या फोनवर स्थळाचा फोटो येतो आणि पाळी सुटेपर्यंत न उघडता पडून राहतो. भेट ठरलीच तर बोईसरात नको, विरार बरे. तिथे ओळखीचे कोणी भेटत नाही. घरी कपाटात गेलेल्या पत्नीच्या साड्यांच्या घड्या तशाच असतात. त्या हलवायच्या कोणी, हा प्रश्न स्थळाच्याही आधीचा, आणि खरा जड प्रश्न तोच.

ही घालमेल जुनी आहे. समाजसुधारक धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या, तेव्हा मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. त्या काळी विधुराला कुमारिका सहज मिळे. कर्व्यांनी मात्र लग्न केले तर विधवेशीच, असे ठरवले आणि १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी लग्न केले. कर्व्यांच्या गावाने, मुरूडने, त्यांना वाळीत टाकले.

आज अशा लग्नासाठी सहसा कोणी वाळीत टाकत नाही. अडचण घरातली असते. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने दुसरी पत्नी आणि आधीची मुले सारखेच वारस ठरतात. हे मुलांशी लग्नाआधीच बोलावे. लहान मूल मात्र वेगळेच विचारते: आईचा फोटो भिंतीवरच राहील ना?