कोथिंबिरीसाठी गाडी काढावी लागते का?

पुणेकर मित्रांनो, आधीच सांगतो, मिसळ, पाट्या, दुपारची झोप वगैरे आजचा विषय नाही. तुमची घरं मोठी, संध्याकाळी गार वारा येतो, सगळं मान्य. माझा प्रश्न एवढाच आहे की सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कुणाची वाट न बघता घराबाहेर पडता येतं का?

माझी आई खोताच्या वाडीत राहते. गुडघे बोलतात, तरी भाजी, औषधं, बँक, पासबुक भरणं सगळं तीच करते. ठाकूरद्वारपर्यंत रमतगमत जाते, वाटेत चार जणींशी बोलते. चर्नी रोड चालत गाठता येतं. 2025 च्या ऑक्टोबरपासून गिरगावला भुयारी मेट्रोही थांबते, पण आईला तिची फारशी गरजच पडत नाही.

हीच आई धाकट्या भावाकडे बावधनला चार महिने होती. प्रशस्त फ्लॅट, गॅलरीतून टेकडी दिसते. पहिल्याच आठवड्यात फोन, "अरे, इथे साधी कोथिंबीर आणायची तरी गाडी काढावी लागते." भाऊ-भावजय दिवसभर ऑफिसात. वनाझला 2022 मध्ये मेट्रो आली खरी, पण तिथवर जायलाच रिक्षा हवी. एकेकाळच्या सायकलींच्या शहरात दुचाकी न चालवणारा माणूस घरात अडकतो. महिन्याभरात आई फोनवर कमी बोलायला लागली. सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं ना!

आता मुंबईकरांनी लगेच कॉलर ताठ करू नये. आपल्याकडे हे जमतं ते खाली दुकान, वर बिऱ्हाड अशा जुन्या रचनेमुळे. आणि तीच आपण पाडतोय. खोताच्या वाडीत एकेकाळी साठेक लाकडी बंगले होते, आता तीससुद्धा उरलेले नाहीत. त्यांच्या नक्षीदार गॅलऱ्यांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, लिहावंच. पण गिरगावात नवे टॉवर येतात तेव्हा खालचे पाच-सहा मजले पार्किंग, पुढे गेट, गेटवर वॉचमन. म्हणजे बावधनच, फक्त उभं!

शेजारच्या चाळीच्या पुनर्विकासाच्या बैठकीला गेलो होतो. नकाशात गाड्यांची जागा मोजून दाखवली होती. मी विचारलं, तळमजल्यावरचा वाणी कुठे जाणार? उत्तर आलं, "साहेब, आता सगळं ऑनलाइन येतं."

पुढची बैठक रविवारी आहे. आधी गाळे नकाशात दाखवा, मग सह्या, असं चाळीतले काही जण म्हणणार आहेत. तुमच्याकडेही नकाशा आला असेल तर आपल्या फ्लॅटचा कार्पेट बघण्याआधी तळमजल्याचं पान उघडा, आणि तिथे काय दिसलं ते खाली लिहा.