उंबरठ्यापलीकडचा व्यापार

सांगलीच्या हळदपेठेत पिढ्यान्‌पिढ्या अडतीचा व्यवसाय करणाऱ्या एका घरातील अण्णांनी चातुर्मासात देशव्रत घेतले होते. गावाची शीव ओलांडायची नाही. त्याच घराच्या माडीवर त्यांची सनदी लेखापाल सून दुबईतील एका मसाला व्यापाऱ्याचे हिशेब लिहीत असे. पोते हलत नव्हते, बिल्टी फाटत नव्हती. तरी दरमहा परकीय चलन खात्यात जमा होई. "मालच गेला नाही, तर पैसे कशाचे?" असे अण्णा विचारीत.

उत्तर त्यांच्या व्रतातच होते. देशव्रताच्या अतिचारांत शब्दानुपात आणि रूपानुपात येतात. स्वतः मर्यादेत राहून केवळ आवाजाने वा रूपाने बाहेरचे काम साधणे, हा व्रताचा दोष. देह घरी असूनही व्यवहार सीमा ओलांडतो, हे आचार्यांनी ओळखले होते. १ जानेवारी १९९५ पासून अमलात आलेल्या जागतिक सेवा-व्यापार करारानेही सेवापुरवठ्याच्या चार प्रकारांत पहिला मान अशाच सीमापार सेवेला दिला आहे.

अशा सेवेला जकातनाका आडवा येत नाही. आडवे येतात ते कागद. सुनेची पहिली रक्कम बँकेत अडकली, कारण करारातील कामाचे वर्णन आणि बिलातील वर्णन जुळत नव्हते. पर्पज कोड ठरेना. दोन्ही कागद एकसारखे केल्यावर पैसे सुटले. दर आर्थिक वर्षासाठी हमीपत्र दाखल केले, की निर्यात सेवेवर जीएसटी न भरता बिल करता येते, हेही तिने शिकून घेतले.

खरा अडसर पुढे होता. ग्राहकाने लेखापरीक्षणाच्या अहवालावरही तिचीच सही मागितली. भारत व संयुक्त अरब अमिराती यांचा व्यापक आर्थिक भागीदारी करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्यात सेवांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. परंतु करार झाला म्हणून येथील सनद तेथे आपोआप चालत नाही. लेखापरीक्षकाला तेथील नोंदणी लागतेच. "नोंदणी असलेल्या दुसऱ्याचे नाव घाला, काम तुम्हीच करा," असे ग्राहकाने सुचविले. मोबदला दुप्पट होता.

रात्री सुनेने ही गोष्ट अण्णांच्या कानावर घातली. ते म्हणाले, "बाळ, विरुद्धराज्यातिक्रम हा अचौर्याणुव्रताचा अतिचार आहे. राज्य आपले असो वा परके."

तिने नकार कळविला. काही दिवस ते कामच हातचे जाईल, अशी धास्ती घरात होती. अखेर ग्राहकाने तेथील नोंदणीकृत लेखापरीक्षक नेमला. हिशेब मात्र सांगलीतच राहिले.

राष्ट्रांनी एकमेकांच्या पदव्या व सनदा मान्य कराव्यात, परवान्यांच्या अटी सुटसुटीत व उघड ठेवाव्यात, हे आवश्यकच आहे. त्यावाचून लहान गावातील बुद्धीला जगाची पेठ खुली होणार नाही. मात्र अडसर दूर होणे वेगळे आणि तो चोरून ओलांडणे वेगळे. चोरवाट धरणारा एक जण, मागून प्रामाणिकपणे येणाऱ्या दहा जणांसाठी नवा अडसर उभा करतो.

अण्णा आता पैसे कशाचे, असे विचारीत नाहीत. दिवाळीच्या वहीपूजनात सुनेच्या संगणकालाही कुंकू लागते.