राजाची जोडी आणि बाबांची हळद

गेला शनिवार वाईट गेला. म्हणजे तसा मजेत गेला, पण महिनाभर आठ जणांची भांडी घासायची वेळ माझ्यावर आलीये, म्हणून वाईट!

सांगतो. वाकडच्या आमच्या फ्लॅटवर दर महिन्याला पोकरची टुर्नामेंट होते. पैसे नाहीत हं! पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या कायद्याने बंद झाले, पण आमच्या टेबलावर त्याआधीही प्लास्टिकच्या चिपाच होत्या. आठ जण, प्रत्येकी ४,००० चिपा. पहिल्या तिघांना महिनाभर किचनमधून सुट्टी आणि बाकीचे पाच जण पाळीपाळीने भांडी घासणार. चौथा आला तर त्याची पाळी शनिवारची, म्हणजे सगळ्यात मोठा ढीग. त्यामुळे चौथं येण्यासारखं दुःख नाही.

तर मंडळी, रात्रीचा एक वाजलेला. चौघे उरलेलो. माझ्याकडे १४,०००, रूममेटकडे १४,००० आणि बाकीच्या दोघांकडे दोन-दोन हजार. ते दोघे कधीही जातील अशा अवस्थेत. मी पानं उचलली तर राजाची जोडी! ठरावीक जोडी हातात यायची शक्यता २२१ मध्ये एक. छाती धडधडायला लागली.

मी ६०० लावले, रूममेट आला. टेबलावर उघडलं गुलाम, नव्वी, सत्ती. मी ९००, तोही ९००. पुढचं पान दुर्री, कुणाच्या कामाची नाही. मी २,२०० लावले. आणि हा शांतपणे सगळ्या चिपा पुढे सरकवतो!

आता विचार करा. मला अजून १०,३०० टाकायचे होते आणि टाकले तर ढीग २८,१०० चा झाला असता. म्हणजे निव्वळ चिपांच्या हिशोबाने जिंकायची शक्यता ३७ टक्के हवी. पण मी हा हिशोब केलाच नाही. माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं, "एवढी चांगली पानं आलीत, ३,७०० गेलेतही, आता मागे कसं फिरायचं?" टाकल्या. त्याच्याकडे सत्तीची जोडी, म्हणजे एकूण तीन सत्त्या. उरलेल्या ४४ पानांपैकी फक्त दोन राजे मला वाचवू शकत होते. आले नाहीत. येत नसतातच :-)

भांडी घासताना (माणूस भांडी घासताना फार खोल विचार करतो हा स्वानुभव!) दोन गोष्टी कळल्या.

पहिली. टुर्नामेंटमध्ये जिंकलेली चिप आणि हरलेली चिप सारख्या किमतीच्या नसतात. समजा तिघे उरलेत, सगळ्यांकडे सारख्या चिपा आणि बक्षिसं ५०, ३०, २० गुणांची. प्रत्येकाचा वाटा सरासरी ३३ गुणांचा. आता एकाशी सर्वस्व लावून जिंकलात तर चिपा दुप्पट होतात, पण वाटा होतो साधारण ४३. हरलात तर २०. म्हणजे मिळवायचे १० आणि गमवायचे १३. असा डाव परवडायला जिंकायची शक्यता ५० नाही, ५७ टक्के तरी हवी. माझ्या बाबतीत तर दोघे दोन-दोन हजारांवर तरंगत होते. नुसता गप्प बसलो असतो तरी सुट्टी जवळपास पक्की होती.

दुसरी. चांगली पानं म्हणजे किती चांगली, हे ढिगाच्या आणि आपल्या उरलेल्या चिपांच्या प्रमाणावर ठरतं. ढिगाच्या दोन-तीन पटच चिपा उरल्या असतील तर राजाच्या जोडीवर खुशाल सगळं लावा. दहा पट असतील तर एका जोडीवर घर लावायचं नसतं. माझ्याकडे १,३०० च्या ढिगामागे १३,४०० होते. हे पहिली चिप टाकायच्या आधीच ठरवायला हवं होतं. मधे आल्यावर ठरवतो म्हटलं की तोवर गेलेल्या चिपाच आपल्या वतीने ठरवून टाकतात.

रविवारी बाबांना फोन केला. आमचं गाव वसमत तालुक्यात, हिंगोली जिल्हा. घरी हळद. त्यांना पत्त्यांतलं पोकर कळत नाही, पण सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "टाकायच्या आधी ठरवलं नव्हतं का रे?"

मी गप्पच.

कारण बाबा हे फार महाग शिकलेत. २०१० मध्ये हळदीचा भाव क्विंटलला पंधरा हजारांच्या वर गेला होता, पण आमची त्याआधीच विकलेली. ती हळहळ मनात ठेवून २०११ ची हळद त्यांनी धरून ठेवली. नऊ-दहा हजार मिळत होते, विकली नाही. माल सुंदर होता, राजाची जोडीच म्हणा! भाव घसरत गेला. "एवढं थांबलो, अजून थोडं थांबू" करता करता २०१२ उजाडलं आणि हळद गेली चार हजारांच्या आसपास. ताईचं लग्न वर्षभर पुढे ढकललं. मी तेव्हा शाळेत होतो. घरात कुणी काही बोलत नव्हतं, एवढंच आठवतं.

नऊ महिन्यांचं पीक. काढा, शिजवा, वाळवा, पॉलिश करा, मग कुठे मोंढ्यात. एकदा गेलं की पुन्हा पैसे भरून टेबलावर बसता येत नाही. शेतकरी कायम टुर्नामेंटच खेळतो.

२०२३ ला हळद शिजवताना भाव सहा-सात हजारांचा होता. तेव्हाच बाबांनी डायरीत लिहिलं, दहाला अर्धी, बाराला उरलेली. तीस क्विंटल होती. पावसाळ्यात भाव उसळला. दहाला अर्धी गेली. बारा ओलांडल्यावर मी पुण्यातून फोन करून, चार्ट वगैरे बघून सांगत होतो, "बाबा, थांबा, अजून चढतोय!"

"चढू दे की. मी डायरीत लिव्हलंय," म्हणाले आणि हिंगोलीच्या मोंढ्यात नेऊन विकली.

पुढच्या उन्हाळ्यात भाव त्याहूनही वर गेला. मी अगदी हिशोब करून त्यांना सांगितलं की किती हजार कमी मिळाले. (लाज वाटते आता.) ते म्हणाले, "तवा खाली गेला असता तर तू फोन केला असता का?"

खरं सांगू? नसता केला.

मला वाटायचं बाबा २०१२ पासून घाबरून खेळतात. इंजिनिअर मी, शक्यतांचं गणित मला येतं, त्यांना नाही. पण शनिवारी रात्री एक वाजता १०,३०० चिपा पुढे सरकवताना गणित येणारा माणूस डायरी न लिहिता बसला होता.

असो. पुढच्या टुर्नामेंटला खिशात एक छोटी डायरी असणारे. तोवर शनिवारचा कुकर माझाच :-(