शिकाऊ आई

मूल झालं की पाजणं आपोआप येतं, अशी माझी ठाम समजूत होती. सिझेरियननंतर सिस्टरांनी मुलीला आणून "घ्या, लावा अंगावर" म्हटलं, तेव्हा मी विचारलं, "कशी?" जन्मल्यापासून तासाभरात बाळाला पाजायला घ्यावं असं डॉक्टर सांगतात, आमचा तो तास भुलीत आणि टाक्यांत गेला. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पहिल्या तासात अंगावर प्यायलेली मुलं जेमतेम ४२ टक्के निघाली, हे पुढे वाचलं. नापासांच्या वर्गात मी एकटी नव्हते.

सिस्टर म्हणाल्या, "लॅच होत नाहीये." लॅच म्हणजे बाळाची पकड, असं मी आपलं समजून घेतलं. मी नुसतं टोक तिच्या तोंडात कोंबत होते आणि कळवळत होते. त्यांनी माझ्या पाठीला उशी दिली, मुलीचं पोट माझ्या पोटाला टेकवलं, तिचं नाक बोंडीसमोर आणलं. "आता थांबा. तिनं मोठा आ केला की चटकन जवळ घ्या." भोवतालचा काळा भागही बराचसा तोंडात जायला हवा, हनुवटी छातीला टेकायला हवी, खालचा ओठ बाहेर वळायला हवा. मी हे सगळं मनात घोकत उशी सावरेपर्यंत आ मिटलासुद्धा.

सुरुवातीला आला तो पिवळसर, दाट चीक, तोही चमचाभर. आजीनं मधाची बाटली काढली. बालरोगतज्ज्ञांनी ती परत पिशवीत ठेवायला लावली. वर्षाच्या आत मध नाही, त्यातून बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते; आणि एवढ्याशा पोटाला चमचाभर चीक पुरतो. दोन-तीन दिवसांनी दूध उतरलं आणि छातीचा दगड झाला. त्यातच भेटायला आलेल्यांच्या कडेवरचं मूल रडलं आणि मला पान्हा फुटला. त्यासाठी आपलंच बाळ लागतं असं नाही, हे माझा गाऊन भिजल्यावर सगळ्या खोलीला कळलं.

घरी आल्यावर मुलगी संध्याकाळी रडायला लागली की एकच निदान: "दूध पुरत नाही." अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी कल्प, सगळं मी निमूट खाल्लं. मावशी पावडरचा डबा घेऊन आली. डॉक्टरांनी मात्र रडण्याकडे न बघता लंगोट मोजायला लावले. पहिल्या आठवड्यानंतर दिवसरात्र मिळून सहा-आठ वेळा शू आणि सुरुवातीला घटलेलं वजन साधारण दोन आठवड्यांत भरून येणं, ही दूध पुरत असल्याची खूण. शिवाय बाळ जितकं पितं तितकं दूध बनतं; वरचं सुरू केलं की अंगावरचं पिणं घटतं आणि मग खरंच कमी पडायला लागतं. रात्री पाजता पाजता मी तो डबा वाचला. आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम, असं त्यावरच छापलं होतं. १९९२च्या कायद्यानं कंपनीला ते छापावंच लागतं. सकाळी मावशीला दाखवलं. म्हणाली, "चष्मा नाही गं माझ्याकडे."

सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्यायचं आणि २०१७च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजाही २६ आठवड्यांची. हिशेब छान जुळला. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोनदा पाजण्यासाठी सुट्टीही कायद्यात आहे. पण मूल घरी, मी ऑफिसात. दूध काढायला जागा कुठली? एसटी स्टँडवर पाजणाऱ्या आयांसाठी हिरकणी कक्ष असतो. आमच्या वातानुकूलित ऑफिसात मला स्टेशनरीची खोली मिळाली, तीही बिनकडीची. ए-फोरच्या गठ्ठ्यांवर बसून पंप लावायचा आणि एका पायानं दार दाबून धरायचं. माझी कसरत ओळखून शिपाईकाकांनी आतून कडी ठोकून दिली आणि बाहेर पाटी लावली: 'मीटिंग सुरू आहे'. थोड्याच वेळात दारावर टकटक झाली. साहेब विचारत होते, "मला कसं नाही बोलावलं?"