भिंतीवरचें प्रशस्तिपत्र

परवां रात्रीं जेवणें आटोपल्यावर माझ्या मुलीनें एक यादी माझ्यापुढें ठेवली. ती एका विमा कचेरींत नोकरीस आहे. वरिष्ठांनीं यंदा प्रत्येकास एका प्रशिक्षणाची मुभा दिली होती, आणि यादींत बारा नांवें होतीं. नेतृत्व, कृत्रिम बुद्धिमत्ता, भाषणकला. नुसतीं वाचूनच छाती फुगावी! "बाबा, यांतलं कोणतं घेऊं?" तिनें विचारलें.

मला १९९३ सालची अशीच एक निवड आठवली. तेव्हां मी तासगांव तालुक्यांत एका बँकेच्या शाखेंत नवाच अधिकारी होतों. मजपुढें दोन वाटा होत्या. रिझर्व्ह बँकेनें १९६९ सालीं पुण्यास काढलेल्या कृषि-बँकिंग महाविद्यालयांतील शेतीकर्जाचा वर्ग ही एक, आणि मुंबईस परकीय चलनाच्या व्यवहारांचा वर्ग ही दुसरी. आमच्या शाखेंत डॉलर कोणीं डोळ्यांनींही पाहिला नव्हता. तरी मीं मुंबई निवडली. 'परकीय चलन' या शब्दांतच केवढी ऐट! परतलों तो प्रशस्तिपत्र घेऊन, आणि तें चौकटींत बसवून दिवाणखान्यांत लावलें.

पुढें सहा महिन्यांनीं एक शेतकरी द्राक्षबागेच्या मांडवासाठीं कर्ज मागावयास आला. मीं तें मंजूर केलें, आणि पगारदारास लावावे तसे मासिक हप्ते लावून दिले. फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते, माल फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निघतो, आणि बागाईतदाराच्या हातीं वर्षाचा पैसा एकदांच येतो, हें मला ठाऊक नव्हतें. परतफेड पिकाच्या हंगामाशीं जुळवावी, हा पुण्याच्या त्या वर्गांतला पहिलाच धडा असावा. चार हप्ते थकले. थकबाकीची नोटीस माझ्याच सहीनें गेली.

तो आला तेव्हां रागावला नाहीं. "सायेब, येलीला म्हैन्याच्या म्हैन्याला घड लागत्यात व्हय?" एवढेंच म्हणाला, आणि रुमालाची गांठ सोडून पैसे मोजूं लागला. त्यासाठीं बायकोच्या पाटल्या मोडल्याचें मला मागाहून कळलें. पुढचे हप्ते मीं बदलून घेतले. पाटल्या कांहीं परत आल्या नाहींत.

केवळ आजच्या कामापुरतेंच शिकावें, असें माझें म्हणणें नाहीं. उद्यांची पायरी दिसत असेल तर तिची तयारी अवश्य करावी. पण ज्या प्रश्नापुढें आपण रोज निरुत्तर होतों, तो तसाच टाळून पुढें गेलों, तर त्याची किंमत बहुधा दुसरा कोणी तरी भरतो.

ही हकीकत सांगून मीं मुलीस विचारलें, "कचेरींत तुझा हात कुठं अडतो?"

ती थोडी थांबली. "क्लेमबरोबर हॉस्पिटलचे कागद येतात ना, ते निम्मे मला समजत नाहींत. चुकून एखाद्याचा क्लेम नाकारला जाईल, अशी धास्ती वाटते."

यादीच्या अगदीं तळाशीं नेमका तसलाच दोन दिवसांचा एक वर्ग होता.

"पण बाबा, त्याचं सर्टिफिकेट कोण विचारतो?"

मी कांहीं बोललों नाहीं. भिंतीवरची ती चौकट अजून तेथेंच आहे. तिच्याकडे नुसतें पाहिलें. मुलीनेंही पाहिलें. मग यादीची घडी करून, "उद्यां विचारून बघतें," म्हणत ती झोपावयास गेली.